हाकेच्या अंतरावर

भूगोलाचे गुरुजी रजेवर गेले की त्यांचा तास हमखास माझ्या गळ्यात पडतो. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे (आमच्या आजऱ्यात जुनी माणसे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात), त्यानंतर चित्रकलेची पदविका तेवढी पदरात पडली, आणि उरलेला वेळ मी कादंबऱ्या लिहिण्यात घालवला. तेव्हा भूगोलाशी माझे नाते नकाशे रंगवण्यापुरते. समुद्राला निळा, वाळवंटाला पिवळा, आणि ज्या देशाबद्दल काहीच ठाऊक नाही त्याला गुलाबी, एवढेच माझे शास्त्र.

अशाच एका तासाला सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मुंबईपास्नं सॅन फ्रान्सिस्को किती लांब हाय?"

तिचा मामा तिकडे नोकरीला गेला होता. मी मोठ्या ऐटीत भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. पट्टी मुंबईहून निघाली, अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून, अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्याला टेकली. मग आठवले की हा रस्ता खोटा आहे. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी नाही. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. हिंदी महासागरात त्याला एक पोचा पडला आहे, पण मुंबई शाबूत आहे. सुतळीचे एक टोक मुंबईवर धरले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि सुतळी ताणली. ताणताच ती आपसूक वर सरकली. मध्य आशिया, सायबेरिया, उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ, मग अलास्का, कॅनडा, आणि तिथून खाली कॅलिफोर्निया. पोरे चकित झाली. पश्चिमेच्या देशाला जायची जवळची वाट उत्तरेला आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

सुतळीवरून मापले तर अंतर निघते साधारण 13,500 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याइतके. पृथ्वीच्या पाठीवर कोणतीही दोन गावे एकमेकांपासून 20,000 किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, हेही मी सांगून टाकले. मुलीचे समाधान झाले नाही.

"पन मामा म्हनतोय सोळा तास."

"किलोमीटर विमानाला, तास माणसाला," मी म्हणालो. वाक्य मलाच आवडले. कादंबरीकाराला अशी वाक्ये सुचतात, आणि ती खरी आहेत की नाहीत हे तपासायच्या आत तोंडातून निघून जातात. घरी आल्यावर मात्र ते मला बोचू लागले. सोळा तास हा शब्द माझ्या घरात साधा शब्द नाही.

आपल्या भाषेत अंतर मोजायला मैल आणि किलोमीटर फार उशिरा आले. त्याआधी कोस होता, आणि तो गावागणिक लहानमोठा होता. मजल होती, पल्ला होता. माझे आजोबा आजरा ते आंबोली हे अंतर भाकरीत सांगत: पहाटे एक खाऊन निघावे, दुसरी वाटेत सोडावी, की दिवस मावळायला आंबोली. यातले कोणतेही माप नुसत्या जमिनीचे नाही. त्यात चालणाऱ्याचे पाय आहेत, त्याची भूक आहे. आणि सगळ्यांत जुने माप म्हणजे हाक. 'हाकेच्या अंतरावर' म्हणजे किती फूट? ते हाक मारणाऱ्याच्या छातीवर आणि ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून. पण त्याहून महत्त्वाचे असे की त्या मापात एक न बोललेली अट आहे. हाक ऐकू आली तर माणसाने यायचे. ऐकू येऊनही जो येत नाही, त्याला गाव नावे ठेवते.

आता फोनमुळे सगळे जगच हाकेच्या अंतरावर आले. मग ती अटही सगळ्या जगाला लागू झाली काय? हाच तो प्रश्न. तो मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटला नाही. 2023 सालच्या निज श्रावणात, आमच्या घराच्या सोप्यात भेटला.

त्या वर्षी अधिक श्रावण संपून निज श्रावण लागला आणि पावसाने ओढ दिली. ऑगस्ट असून आभाळ कोरडे. घनसाळ भाताची रोपे लावून झाली होती आणि माणसे वर बघत होती. 21 ऑगस्टला श्रावणी सोमवार होता आणि नागपंचमीही. त्या रात्री पाऊण वाजायच्या सुमाराला आई गेली. आजार लांबलेला होता, तरी त्या रात्री कुणी धरून चाललेले नव्हते.

धाकट्या भावाला फोन केला. तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. आमच्याकडे मध्यरात्र उलटून तारीख मंगळवारची झाली होती. त्याच्याकडे सोमवारचे दुपारचे सव्वाबारा. तो जेवायला बसला होता. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "निघतो. दादा, थांबाल न्हवं?"

मी म्हणालो, "बघतो."

मराठीत 'बघतो' या शब्दाचे किती अर्थ होतात हे कोशात सापडायचे नाही. दुकानदार 'बघतो' म्हणतो तेव्हा माल नसतो, आणि सोयरिकीचा माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा स्थळ पसंत नसते. भावाने त्याचा अर्थ 'थांबतो' असा घेतला. मी त्या क्षणी कोणत्या अर्थाने म्हणालो, हे मी आजवर स्वतःलाही सरळ सांगितलेले नाही.

त्याला थेट मुंबईचे विमान त्या दिवशी नव्हते. दुबईवरून येणारे मिळाले. आमच्या घड्याळाप्रमाणे मंगळवारी पहाटे पाच वाजून गेल्यावर ते उडाले. तिथून दुबई 13,000 किलोमीटर, सोळा तास. दुबईत अडीच तास. मग मुंबई तीन तास. मुंबईहून आजरा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याला धरा दहा तास. (अर्धी पृथ्वी सोळा तासांत आणि पुणे-सातारा-कऱ्हाड-संकेश्वर-गडहिंग्लज करत आपल्या दारात यायला दहा! लांबचे जवळ आले खरे, पण जवळचे आहे तिथेच राहिले.) एकूण हिशेबाने तो बुधवारी दुपारी पोचणार. म्हणजे आई गेल्यापासून छत्तीस-सदतीस तासांनी.

सकाळी सोप्यात माणसे जमली. थोरल्या काकांनी विषय काढला. दिवस मावळायच्या आत उरकावे असे त्यांचे म्हणणे. कुणीतरी म्हणाले, गडहिंग्लजला शीतपेटी मिळते, फोन केला तर दुपारपर्यंत येईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. थोरला मुलगा मी. मी काकांकडे पाहिले आणि म्हणालो, "नको. आईला पेटीत ठेवायचं नाही."

हे वाक्य ऐकायला किती चांगले आहे! आईचा देह, थंड पेटी, परक्या गावचे यंत्र. माना डोलल्या. संध्याकाळी पाच वाजता हिरण्यकेशीच्या काठावर मी अग्नी दिला.

इथे मला जरा मागे जायचे आहे, कारण लांबच्या मरणाचा प्रश्न काही आमच्या घराने शोधून काढलेला नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले. वय वीस. इंग्लंड पाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला वारले. उजळाईवाडीचा विमानतळ ज्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाला ते हे नव्हेत. ते शाहू महाराजांचे चिरंजीव, दोन पिढ्यांनंतरचे. या वीस वर्षांच्या राजांचे दहन अर्नो आणि मुग्नोने या दोन नद्यांच्या संगमावर झाले. पंचगंगेच्या काठी जन्मलेल्या माणसाला परक्या देशातही संगम मिळाला, एवढेच काय ते. 1874 साली तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, कोल्हापुरात नवा राजवाडा उभा आहे तोही त्यांचाच आराखडा. छत्री अजून आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक त्या हिंदी राजावरून ओळखतात. महाराजांची त्या प्रवासातली रोजनिशी 1872 मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

समुद्राच्या तळातून टाकलेली तार त्याच 1870 साली मुंबईला पोचली होती. म्हणजे बातमी धावू लागली होती आणि माणूस मात्र बोटीच्या चालीनेच चालत होता. सुएझचा कालवा होऊन वर्ष झाले होते, तरी तिथून मुंबई म्हणजे आठवड्यांचा प्रवास. कोल्हापुरातून कुणी 'आम्ही येईपर्यंत थांबा' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. राजघराणे, खजिना, सरकारदरबारी वजन, सगळे असून नव्हता. अंतर इतके मोठे होते की त्याने सगळ्यांना माफ करून टाकले.

त्याआधीची साताऱ्याची गोष्ट मला याहून जास्त छळते. प्रतापसिंह महाराजांचे राज्य इंग्रजांनी 1839 मध्ये काढून घेतले आणि त्यांना काशीला पाठवले. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथेच राहिले. अर्ज, सभा, पत्रके, पैशांची ओढाताण. 1847 च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीत वारले. तार नव्हती. बातमी पत्राने, घोड्याने, बोटीने जायची. विचार करा, काशीत चिता विझली, दिवस झाले, आणि लंडनच्या कुठल्याशा खोलीत रंगो बापूजी आपल्या धन्यासाठी नव्या अर्जाचा मसुदा करीत बसले असतील. त्या आठवड्यांत प्रतापसिंह लंडनमध्ये जिवंतच होते की! ज्याच्यासाठी आपण झगडतो तो नाही, हे न कळता केलेले काम फुकट गेले असे म्हणायचे काय? मला तसे म्हणवत नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा पेच ठाऊक होता. त्यांनी 'देशांतर' नावाची एक कल्पना केली. मध्ये मोठी नदी आली, डोंगर आडवा आला, किंवा बोली बदलली, की ते देशांतर. तिथल्या माणसाला सुतकाचे नियम सैल. पण आईबाप गेले असतील तर मुलगा कितीही लांब असो, त्याला बातमी कळेल त्या दिवसापासून त्याने दहा दिवस धरावेत. मला यातला शहाणपणा फार मोठा वाटतो. मरण घडते एकदा, पण ते प्रत्येकाला पोचते तेव्हा पोचते, हे त्यांनी मानले होते. कुणी उशीर केला, असा शब्द त्यात नाही.

माझ्या आजोबांनाही कुणी तो शब्द लावला नाही. ते मुंबईला गिरणीत होते. त्यांची आई इथे वारली तेव्हा तार गेली. त्या काळी तार म्हणजे दुःखच. उघडून वाचायच्या आधी घरात रडणे सुरू व्हायचे. (ती तारही 2013 च्या जुलैत बंद झाली.) आजोबा रेल्वेने कोल्हापूरला, तिथून मिळेल त्या मोटारीने, उरलेले पायी, असे चौथ्या दिवशी आले. थेट नदीवर गेले, डोके भादरले, आंघोळ केली आणि घरी येऊन जेवले. ही हकीकत सांगताना त्यांच्या आवाजात दुःख असे, पण रुखरुख नसे. मी कितीदा ऐकली. 'थांबायला हवे होते' असे वाक्य त्यात कधी आले नाही.

तर मग वेगाने आपले काय केले? आनंदीबाई जोशी 1883 साली 7 एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. 1948 च्या 8 जूनला मुंबईहून लंडनला पहिले भारतीय विमान निघाले, 'मलबार प्रिन्सेस' त्याचे नाव. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते 10 तारखेला पोचले. आता तोच पल्ला दहा तासांचा. हे सगळे आकडे अभिमानाने सांगण्यासारखे आहेत आणि मी वर्गात सांगतोही. पण अठ्ठावन्न दिवसांना कुणी जाब विचारत नव्हते. सोळा तासांना विचारतात. आजची नेमकी पंचाईत ही, की अंतर पुरते मिटलेही नाही आणि क्षमा मिळावी इतके उरलेही नाही. बोटीच्या काळात 'का आला नाहीस' हा प्रश्न वेड्यासारखा वाटला असता. आज 'का नाही थांबलास' हाही प्रश्न आहे आणि 'का नाही आलास' हाही.

आता माझ्या 'नको'कडे येतो.

आईला पेटीत ठेवायचे नव्हते, हे खरे होते. पण ते अर्धे होते. उरलेले अर्धे असे, की चार वर्षे तो आला नव्हता. सोळा तासांवर असून आला नव्हता. आईचे दुखणे काढले मी आणि माझ्या पत्नीने. रात्री उठून पाणी द्यायचे, कूस बदलायची, औषधाच्या वेळा सांभाळायच्या, दर पंधरवड्याला गडहिंग्लज. आणि तो दर रविवारी फोनवर दिसायचा. आई त्यासाठी शनिवारपासून तयार. चांगले पातळ नेसून, केस विंचरून, खुर्ची खिडकीकडे करून बसायची. चाळीस-चाळीस मिनिटे हसत बोलायची. मी त्याच खोलीतून ये-जा करत असे आणि मला ती विचारायची ते "दूध आलं काय?" एवढेच. मला राग होता. तो मी कधी बोललो नव्हतो. मंगळवारी सकाळी सोप्यात सगळे माझ्याकडे बघत असताना तो राग आईची काळजी होऊन तोंडातून बाहेर आला.

इथे एक सोपा निष्कर्ष हाताशी आहे, आणि तो मला नको आहे. अंतर मनाचे असते, तो लांब असून जवळ होता आणि मी जवळ असून लांब, असे म्हणून अनेक निबंध संपतात. मीही भाषणांत तसे बोललो आहे. पण ते बोलणारा माणूस बहुधा रात्री उठणारा नसतो. पाणी द्यायला हात लागतो, आणि तो हात 13,500 किलोमीटरवरून येत नाही. माझे जवळ असणे बोलके नव्हते म्हणून ते जवळ नव्हतेच, हे मी मान्य करणार नाही. आईने मला दुधाचे विचारले, कारण दूध आणणारा मी होतो. तेही एक बोलणेच आहे.

पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मी नीट मांडला नव्हता. सोळा तास, सोळा तास असे मी मनात घोकत राहिलो. ते विमानाचे दार लागल्यापासून उघडेपर्यंतचे. त्याच्या त्या चार वर्षांपैकी पहिली दोन तर करोनाने खाल्ली. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे परदेशाची नेहमीची विमानेच बंद झाली, ती पूर्ववत सुरू व्हायला मार्च 2022 उजाडले. त्यानंतर त्याचा व्हिसा. इकडे आला तर परत जाण्यासाठी पारपत्रावर नवा शिक्का लागणार, त्या शिक्क्याची तारीख मिळायला महिनोन् महिने, आणि तोवर तिकडे नोकरी, बायको, मुलीची शाळा. हे सगळे तो फोनवर सांगायचा तेव्हा मला ती सबब वाटायची. आंबोली घाटात दरड कोसळली म्हणून गोव्याहून पाहुणा आला नाही, तर मी त्याला दोष देत नाही. दरड मला दिसते. शिक्का मला दिसत नव्हता. आकाशालाही घाट असतात आणि त्यांतही दरडी कोसळतात. 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपल्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून पश्चिमेला निघालेल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालून जावे लागले. सुतळी ताणली म्हणजे वाट सरळ झाली असे होत नाही.

तरीही मी त्याला पूर्ण सोडून देत नाही. बुधवारी तो आलाच की! शिक्का नव्हता, तारीख नव्हती, परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि पाच तासांत निघाला. म्हणजे येणे अगदी अशक्य नव्हते. ते फक्त फार महाग होते. आई जिवंत असताना ती किंमत त्याला जास्त वाटली आणि गेल्यावर वाटली नाही. हे त्याच्याबद्दल मी लिहितो आहे, पण माझे तरी काय? दुपारची शाळा सुटल्यावर तासभर आईजवळ बसायला मला कोणता शिक्का लागत होता? मी कादंबरीचे प्रकरण पुरे करीत होतो. जे शक्य असते पण महाग असते, त्यात आपण ज्याला नेहमी 'नाही जमत' म्हणतो, तिथे कर्तव्य कुठे सुरू होते, हे मला अजून नेमके आखता येत नाही. अशक्य असले की कर्तव्य नाही, इथपर्यंत सगळे शहाणे सांगतात. महाग असले की काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ठरवताना माणूस आपली किंमत चढी धरतो, दुसऱ्याची पडती.

विमानात म्हणे आता संदेश पोचतो. मी पाठवला नाही. पाच वाजता अग्नी दिला आणि नऊ वाजता तो दुबईला उतरला. या मधल्या चार तासांत तो मुखदर्शनाला येत होता. त्याच्या मनात आई सोप्यात निजलेली होती, उशाशी दिवा होता. रंगो बापूजींच्या लंडनमधल्या आठवड्यांसारखे ते चार तास होते. फरक इतकाच की त्यांना अंधारात ठेवले ते समुद्राने, आणि याला मी.

बुधवारी दीड वाजता गाडी आली ती घराकडे वळलीच नाही, नदीकडे गेली. मी मागून पोचलो. तो चपला काढून उभा होता. रक्षाविसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचे होते. त्याने खाली वाकून राखेच्या कडेला तळहात ठेवला आणि म्हणाला, "अजून ऊन हाय, दादा."

घरी आल्यावर गुरुजींनी वार विचारला. तो म्हणाला सोमवार, मी म्हणालो मंगळवार. गुरुजी हसले. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. पाऊण वाजता सूर्य उगवायचा होता, तेव्हा आपल्या लेखीही सोमवारच. साडेबारा तासांचा फरक असलेली दोन घड्याळे गुरुजींनी एका वाक्यात जुळवली. आम्हा दोघा भावांचे त्या आठवड्यात एकमत झाले ते तेवढ्या एकाच गोष्टीवर.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या घरातून एकदम आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू आल्या. क्षणभर काहीच कळेना. मग ध्यानात आले: 23 ऑगस्ट, चांद्रयान उतरले. 14 जुलैला निघाले होते. पृथ्वीपासून चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटर. शाळेत पोरांना मोठ्या पडद्यावर दाखवायची व्यवस्था मीच आधी केली होती आणि साफ विसरलो होतो. शेजाऱ्यांना एकदम आमच्या घराची आठवण झाली असावी. टाळ्या मध्येच थांबल्या. भाऊ म्हणाला, "वाजवू देत की. आईला आवडलं असतं." आणि मग, त्याच आवाजात, माझ्याकडे न बघता त्याने विचारले, "किती वाजता दिलास?"

"पाच."

त्याने बोटांवर काहीतरी मोजले. विमानात पुढच्या आसनाच्या पाठीवर नकाशा असतो, त्यात आपण कुठे आहो ते दिसत राहते. तो म्हणाला, "म्हणजे मी उरलवर होतो."

उरल पर्वत. युरोप आणि आशिया यांच्या मधली सीमा. सहावीला असताना मीच त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. परीक्षेत त्याला ते आले होते आणि त्याने पळत येऊन आईला सांगितले होते.

त्याने आणखी काही विचारले नाही. पंधरा दिवस राहिला आणि गेला. परतीचे त्याचे कसेबसे जमले. त्यानंतर आम्ही फोनवर बोलतो. रविवारी. खुर्ची तीच असते, खिडकीकडे केलेली.

आई होती तोवर दिवाळीचा फराळ त्याला टपालाने जायचा. पोचायला दोन-तीन आठवडे लागत, म्हणून ती नवरात्र बसायच्या आतच भाजणी करून घ्यायची. अमेरिका किती लांब, असे कुणी विचारले की ती सांगायची, "चकली मऊ पडते एवढी लांब." मला वाटते सातवीतल्या त्या मुलीला मी हे उत्तर द्यायला हवे होते.

यंदा माझ्या पत्नीने डबा भरला आहे. हा अंक हाती आला की मी तो त्या डब्याबरोबर घालणार आहे. शीतपेटी गडहिंग्लजला होती आणि दुपारपर्यंत आली असती, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. त्याला ते या पानावर कळेल. पानांचे फोटो काढून फोनवरून पाठवले तर क्षणात पोचतील, असे मुलगा म्हणाला. मी टपालानेच पाठवणार आहे.